निम्मी हवा

वेवजीच्या ओढ्यापलीकडच्या दगडी चढावरून श्रुतिकाची जीप दोनदा घसरून खाली आली होती. फोर-बाय-फोर क्लबचा नियम साधा होता: तिसऱ्यांदा घसरलात, तर स्टिअरिंग दुसऱ्याकडे. मागच्या जीपमधला विपुल बाह्या सरसावून तयारच होता.

श्रुतिका उतरली आणि चारही चाकांतली निम्मी हवा सोडू लागली.

"अगं, पंक्चरवाल्याचं घर चालवतेस का?" विपुल म्हणाला.

"हायवेसाठी सकाळी टम्म भरलेत, विपुलदादा. मऊ टायर दगडाला जास्त धरतो."

पहिल्या गिअरमध्ये जीप कुरकुरत निघाली. दोनदा जिथून घसरली, त्या काळ्या दगडावर टायर पसरले, चिकटले आणि चढले.

माथ्यावरून तिने खाली पाहिलं. विपुल स्वतःच्या जीपच्या चाकाशी वाकला होता.

"किती सोडायची गं?" त्याने ओरडून विचारलं.