तलावाची दुसरी बाजू

दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात घरोघरी पोस्टाने मतपत्रिका येते. तिच्याआधी येते एक जाडजूड माहितीपुस्तिका, जी वाचून माणूस आणखीच गोंधळतो. उमेदवारांचं सोपं असतं, त्यांचे फोटो बघूनच राग येतो. खरी पंचाईत प्रस्तावांची. काही राज्याचे, काही गावचे, आणि प्रत्येकावर हो किंवा नाही. दातांच्या कवळ्या कोणी बसवाव्यात हेसुद्धा लोकांनीच ठरवायचं.

टिलरी गावात ल्युएला हॅस्केटने यावर कधीच तोड काढली होती. शेजारीपाजारी काहीबाही शिजवून घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जमायचे आणि पातेल्यातून एकेक चिठ्ठी उचलायचे. चिठ्ठीत निघालेला प्रस्ताव वाचून यायचा आणि पुढच्या बैठकीत त्याच्या दोन्ही बाजू समजावून सांगायच्या. स्वतःचं मत सांगायचं नाही, स्वतःची दुखणी मध्ये आणायची नाहीत, आणि कोणी काय मत दिलं ते नंतरही बोलायचं नाही. हे नियम ल्युएलानेच केले होते, मुख्यतः ऑर्विलसाठी. या निवृत्त सुताराला प्रत्येक प्रस्तावात आपली पाठदुखी दिसायची.

यंदा ल्युएलाच्या चिठ्ठीत गावचा तलाव निघाला. छपराखालचा, गरम पाण्याचा, पोहण्याचा तलाव. त्यासाठीचा जादा कर चालू ठेवायचा की तलाव बंद करायचा, एवढाच प्रश्न. खुब्याच्या ऑपरेशननंतर ल्युएला काठीशिवाय चालायची ती फक्त त्या पाण्यात. तलाव सांभाळणारी मॅव्हिस तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि बैठकीत ती नेमकी समोर बसली होती, मांडीवर ताट घेऊन.

ल्युएलाने आधी 'हो'ची बाजू सांगितली. पोरं पोहायला शिकतात, म्हाताऱ्यांचे सांधे मोकळे होतात. मग 'नाही'ची. छप्पर गळतं, बॉयलर म्हातारा झालाय, हिवाळ्यात बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात, आणि त्यांच्या सुखासाठी ज्यांना स्वतःचं घर तापवणं जड जातं त्यांनीही पदरमोड करायची. आपला ओढा कुणाला दिसू नये म्हणून या बाजूत तिने जरा जास्तच जीव ओतला.

"हिवाळ्यात जाणारी ही माणसं कोण गं?" ऑर्विलने विचारलं.

"ते नियमात बसत नाही," ल्युएला म्हणाली. मॅव्हिसने ताट खाली ठेवलं.

मग सगळे पेन घेऊन आपापल्या मतपत्रिकेवरचे गोल काळे करायला बसले. ल्युएलाचं पेन तलावाशी अडलं. आपलं दुखणं बाजूला ठेवून मत द्यायचं, हे ती इतकी वर्षं सगळ्यांना शिकवत आली होती. बाकीचे 'हो' म्हणतीलच, असंही मनात कुठेतरी होतं, पण ते तिने स्वतःशीही कबूल केलं नाही. तिने 'नाही'चा गोल भरला, लिफाफ्यावर सही केली आणि तो मतपेटीत टाकून आली.

प्रस्ताव एका मताने पडला. पुन्हा मोजणी झाली, तरी एकाच मताने.

दुसऱ्या दिवशी ऑर्विल घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन मागच्या दाराशी आला. "ते एक मत माझं," तो म्हणाला. "तू पटवलंसच तसं. तुझ्या खुब्याबद्दल एक शब्द बोलली असतीस, तर डोळे मिटून 'हो' केलं असतं." ल्युएलाने त्याला कॉफी पाजली आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणून सांगितलं. मग एकेक करून बाकीचेही आले, प्रत्येकाचं तेच एक मत आणि हातात काहीतरी भाजलेलं. तिने सगळ्यांची समजूत घातली. फ्रीझरमध्ये जागा उरली नाही.

तलावाच्या शेवटच्या दिवशी पाण्यात ती एकटीच होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ताठ चालत गेली आणि परत आली. काठावर मॅव्हिस पाय सोडून बसली होती.

"सगळ्या गावाने पाठ फिरवली," मॅव्हिस म्हणाली. "पण तू तरी माझ्या बाजूने होतीस. तेवढ्यावर मी हे सहन केलं."

ल्युएलाला लाज वाटली, इतकी की सगळं ओठांवर आलं. मग तिला नियम आठवला.

"कोणी काय मत दिलं ते बोलायचं नाही ना," ती म्हणाली.

"नको सांगूस बाई. मला काय ठाऊक नाही?" मॅव्हिस हसली आणि तिच्यासाठी काठी घेऊन पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली.