लिंबाची फोड आणि पुढचा दात

मी दात बोलतोय. वरचा, पुढचा, डावीकडचा. जरा हळूच बोलतो, कारण गार वारा लागला की अजून माझ्या मुळापर्यंत शिरशिरी जाते. शिवाय माझ्या धनिणीनं, म्हणजे जिच्या तोंडात मी राहतो तिनं ऐकलं, तर ती पुन्हा आरशापुढे उभी राहायची. आरशाची मला भारी धास्ती आहे.

भित्रा मी जन्मापासूनच. दुधाचा दात पडला आणि त्याच्या जागी हिरडीतून मी डोकं बाहेर काढलं, तेव्हा धनिणीची आई पहिलं काय बोलली असेल? "अगं बाई, हा तर पिवळाच आला की!" शेजारचे दुधाचे दात पांढरेशुभ्र आणि मी मात्र लोण्याच्या रंगाचा. वाटलं, आता काढून टाकतात बहुतेक. पण मग आईच म्हणाली, "कायमचे दात असेच असतात गं. नीट घास म्हणजे झालं." माझ्या जिवात जीव आला आणि जुळ्या भावाच्या खांद्याला खांदा लावून मी कामाला लागलो.

धनीण मोठी झाली आणि चहा चाखण्याच्या नोकरीला लागली. लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्या ओळीनं मांडलेल्या असतात. ती चमच्यात चहा घेते आणि असा भुरका मारते, की घरी मारला असता तर आईनं पाठीत धपाटाच घातला असता. चहा सगळ्यात आधी माझ्यावर आदळतो. मग ती पिकदाणीत थुंकते आणि सांगते, "हा जुना आहे." "याला धूर लागलाय." तिचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नसे.

एवढा चहा अंगावरून गेल्यावर कोण गोरं राहील? मी तपकिरी होत गेलो. पण आतून ठणठणीत होतो. माझ्यावरचं कवच, ज्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात, ते शाबूत होतं.

मग कंपनीच्या चहाच्या नव्या डब्यावर तिचा फोटो छापायचं ठरलं. फोटोग्राफर आधी नुसता उजेड बघायला आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा ओठ मिटून हसता का?" मागे कुणीतरी खुदकन हसलं. धनीणही हसली, ओठ मिटून. आत अंधार झाला, पण तिला लागलंय हे मला अंधारातही कळलं.

"हसतील त्यांचे दात दिसतील," आईनं समजावलं. "तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"तेच तर, आई. त्यांचे दिसतात ते पांढरे आहेत!"

आणि इथे तिचं धंद्याचं ज्ञानच आमच्या मुळावर आलं. काळ्या चहात लिंबू पिळलं की रंग झर्रकन फिका पडतो, हे चहा चाखणारीला कुणी शिकवावं लागत नाही. तिला वाटलं, डाग चहाचाच, मग लिंबानं जाणारच. तिनं लिंबाची फोड घेतली, तिला खायचा सोडा लावला आणि माझ्यावर घासायला लागली. वरून लगेच कडक ब्रश. आंबटानं माझं कवच मऊ पडलेलं, त्यावर हे फटके! मी जीव तोडून ओरडत होतो. पण दाताचं ओरडणं दुखायला लागल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी मी जरा उजळ दिसलो. ती खूश झाली आणि मी गळाठलो, कारण आता ती थांबणार नव्हती. सकाळी सुरीचा आवाज आला की आम्हा भावांची दातखीळ बसायची. पुढे पुढे तर मी जास्तच पिवळा दिसायला लागलो. तिला वाटलं, घासणं कमी पडतंय.

मग एक दिवस टेबलापाशी गरम चहाचा भुरका माझ्यावर आदळला आणि अशी कळ गेली, की चव कळण्याआधीच तिनं चहा थुंकून टाकला. पुढच्या वाट्यांना तिनं भीतीनं नुसते ओठ लावले. त्या नादात धूर लागलेला चहा तिनं उत्तम म्हणून पुढे पाठवला.

तिच्या वरच्या साहेबांना सगळे काका म्हणतात. त्यांनी तीच वाटी चाखली. ओरडले नाहीत. "पोरी, तोंडाला काय झालंय तुझ्या? असंच राहिलं तर मला तुला इथं बसवता येणार नाही." घरी येईपर्यंत तिनं कसंबसं धरलं. मग रडली. खारट पाणी माझ्यापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची. डोक्यावर दिवा, शेजारी टोकदार हत्यारं. म्हटलं, भरली आपली घटका.

"काय घासत होतात?"

"लिंबू आणि सोडा. लिंबानं चहा फिका होतो ना, म्हणून..."

"चहा फिका होतो हो, दात झिजतो! वरचं कवच पातळ झालं की आतला पिवळा थर दिसतो. जितकं घासाल तितका जास्त."

"ते कवच परत येईल?"

"गेलेलं येत नाही. राहिलेलं सांभाळायचं."

हत्यारांना नव्हतो घाबरलो इतका मी त्या वाक्याला घाबरलो.

बाईंनी फ्लोराइडचा लेप लावला, मऊ ब्रश दिला. चहानंतर साध्या पाण्यानं चूळ भरायची, आंबट खाल्ल्यावर लगेच घासायचं नाही, असं बजावलं. कळा थांबल्यावर डागही हलक्या हातानं काढले. "याहून उजळ हवे असतील तर पुढे बघू, सौम्य जेल लावून, माझ्या देखरेखीखाली. पण दुधासारखे होणार नाहीत. तुमचा मूळ रंगच हा आहे."

धनीण पुन्हा टेबलापाशी गेली. काका समोर उभे. चमचा वर आला. मला डोळे असते तर मी ते गच्च मिटले असते. भुरका आदळला. शिरशिरी आली, पण कळ नाही.

"याला धूर लागलाय," ती म्हणाली. काकांनी वाटी चाखली आणि ती बाजूला काढून ठेवली.

फोटोग्राफर परत आला. "मॅडम, ओठ जरा..."

"दिसू देत हो दात. यांच्यावरच पोट आहे माझं."

डब्यावर मी आहे, लोण्याच्या रंगाचा. पण कवच पातळ झालंय ते झालंयच, आणि भीती काही जात नाही. कालच घरी पाहुणे आले आणि तिनं लिंबू चिरलं. मी मुळापासून हादरलो. फोड पाहुण्यांच्या कपात पडली, तेव्हा कुठे सावरलो.

बाई गं, लिंबू कपातच राहू दे. दुधाचा दात गेला तेव्हा त्याच्या मागे मी उभा होतो. माझ्या मागे कुणी नाही.