कधीच नाही

फॉर्मवर एकूण अठरा प्रश्न होते आणि आयलीबाईंनी अठराच्या अठरा ठिकाणी 'कधीच नाही' या रकान्यात फुली मारली होती. फुल्याही अशा ठसठशीत, की कागद उलटा करून बोट फिरवलं तर हाताला लागाव्यात.

मारिताने तो कागद आईच्या स्वयंपाकघरात पाहिला आणि पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. चव्वेचाळीस वर्षांची मारिता कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नोकरी पाचवी, आणि तीही हातून जायच्या बेतात. गेल्या हिवाळ्यात नमुन्यांचा अख्खा ट्रे ती जिन्यातल्या खिडकीत ठेवून विसरली होती. वरिष्ठ बाई भल्या, म्हणून त्यांनी घरी बसवण्याऐवजी तपासून घ्यायला सांगितलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, निघालं तर कामाची पद्धत बदलून देता येईल, नाही निघालं तर त्यांचाही नाइलाज. तपासणीसाठी नंबर लागायला अकरा महिने गेले आणि आता गाडं अडलं होतं ते बालपणाशी. ही गोष्ट मोठेपणी उगवत नाही, बाराव्या वर्षाच्या आत तिच्या खुणा दिसायला हव्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यासाठीच हा फॉर्म दिला होता. त्या वयात तिला रोज पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते समोर बसून कॉफीत पाव बुडवून खात होतं.

"आई, एकदाही नाही? वस्तू हरवते, तिथेसुद्धा कधीच नाही?"

"नाहीच मुळी. खोटं कशाला लिहू? लहानपणी तू सोन्यासारखी होतीस. हायस्कूलात गेलीस आणि वारं लागलं तुला."

हे वारं मारिता तीस वर्षं ऐकत होती. वाईट याचं, की तिचाही त्यावर विश्वास होता. आठवीपर्यंतची तिची प्रगतिपुस्तकं तेच सांगत होती: दप्तर नीटनेटकं, वस्तू जागच्या जागी. मग चौदाव्या वर्षी शाळा बदलली आणि सगळं धडाधड कोसळलं. म्हणजे आपण जन्मतः अशा नव्हतो, आपण स्वतःला बिघडवून घेतलं, हा हिशेब तिने मनाशी कधीच पक्का केला होता. ती आता धडपडत होती ती नुसत्या नोकरीसाठी नाही. हा हिशेब चुकलाय असं कुणीतरी एकदा म्हणावं, एवढीच तिची भूक होती.

मंगळवारी ती आईला सोबत घेऊनच डॉक्टर बुशार यांच्याकडे गेली. डॉक्टर मृदू बोलणाऱ्या, केस पिकलेल्या. त्यांनी फॉर्म पाहिला, प्रगतिपुस्तकं पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की कागदावर तरी चौदाच्या आधी काहीच दिसत नाही. त्यामुळे त्यांना दुसरं कारण शोधावं लागेल. मारिताने मान हलवली. तिला रडू येत होतं आणि आईसमोर रडायचं नव्हतं.

डॉक्टरांनी फाइल मिटली नाही. त्या आयलीबाईंकडे वळून सहज गप्पा माराव्यात तसं विचारू लागल्या. लहानपणी हातमोजेसुद्धा हरवले नाहीत का? इथल्या थंडीत दर पोराचे हरवतात.

"हिचे नाही," आयलीबाई ताठ बसून म्हणाल्या. "एक दिवसही उघड्या हातांनी घरी आली नाही माझी मुलगी."

"शाळेत ती हरवलेल्या वस्तूंची पेटी असायची ना? तिच्यात कधी बघावं लागलं?"

"रोज."

मारिता आईकडे वळली. आयलीबाईंना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं, म्हणून त्या पुढे सांगत गेल्या. त्या त्याच शाळेत झाडलोटीला होत्या. मधली सुट्टी संपून पोरं वर्गात बसली, की त्या पेटीपाशी जायच्या, मारिताचे हातमोजे उचलून तिच्या कोटाच्या खिशात नेऊन ठेवायच्या. संध्याकाळी वर्ग झाडताना तिचा डेस्क आवरायच्या, राहिलेली वही घरी आणून तिच्या दप्तरात सरकवायच्या. आठ वर्षं.

"मग हरवायचंच की सगळं," मारिता कशीबशी म्हणाली.

"हरवलं कसं? सापडायचं ना!"

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

आयलीबाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. एकदा एका पोराबद्दल वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, याला घरचं वळणच नाही, आणि आयलीबाई तेव्हा तिथेच फरशी पुसत होत्या. फिनलंडहून आलेली, धड इंग्रजी न येणारी झाडूवाली. तिच्या पोरीबद्दल तर काय काय बोलले असते. "आणि तू घरी येऊन दोन्ही हात वर करायचीस. बघ आई, आहेत. एवढी खूश असायचीस, की म्हटलं, हिला वाटू दे हिनेच सांभाळले."

"आणि हायस्कूलात?"

म्हातारीने पहिल्यांदाच खाली पाहिलं. "तिथल्या किल्ल्या माझ्याकडे नव्हत्या गं."

मारिताला राग यायला हवा होता, आणि आलाही. तीस वर्षांचं ते वारं एका वाक्यात निघून गेलं होतं आणि ज्या आईने ते तिच्या माथी मारलं, तिचेच हात आठ वर्षं तिची वही दप्तरात सरकवत होते. दोन्ही गोष्टींचं एकदम काय करायचं ते तिला कळेना. शेवटी ती आईसमोरच रडली.

डॉक्टरांनी मग आणखी तासभर विचारलं आणि भराभर लिहून घेतलं. आता चित्र नीट जुळतंय, त्या म्हणाल्या. अहवाल महिनाभरात हातात येईल, पण उत्तर आजच सांगायला हरकत नाही: एडीएचडीच आहे, आणि ते पहिल्यापासून होतं.

निघताना मारिताने कोट चढवला, दारापर्यंत गेली. तिचे हातमोजे खुर्चीवरच राहिले होते. आयलीबाईंनी सवयीने ते उचलले आणि लेकीच्या खिशाकडे हात नेला. तो हात मध्येच थांबला.

"मारिता," त्या मोठ्याने म्हणाल्या, "हातमोजे विसरलीस बघ."