आईच्या हातचं तेल

दिघीच्या जेट्टीवरून पहिली फेरी सुटण्याआधी क्रांतीला तिकिटांची खिडकी उघडावी लागे, त्यामुळे त्या घरातली सकाळ घाईचीच असायची. तरी पंधरा मिनिटं दोघी मायलेकी राखून ठेवत. मागच्या पडवीत पाट मांडलेला असे. कोकिळा खोबरेल कोमट करी, त्यात थोडी साय फेटी आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू चोळी. डोळे मिटून क्रांती तिची तीन वाक्यं म्हणे.

"माझा रंग ही माझी चूक नाही."

"व्हय बाय," कोकिळा म्हणे.

"मी थकले तर थांबेन. कुणाला काय वाटेल म्हणून पळत सुटणार नाही."

"व्हय."

"मी आज पोटभर जेवेन."

"आणि डब्यातलं परत आणायचं न्हाय," कोकिळा आपलं चौथं वाक्य जोडून देई, आणि दोघी हसत.

ही वाक्यं क्रांतीला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक विनिता मॅडमनी दिली होती. पाच वर्षांपूर्वी, एकोणीसची असताना, तिला बघायला आलेल्या एका बाईनं पोह्यांची बशी खाली ठेवून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "फोटो हिचाच ना?" पाहुणे निघून गेले. क्रांती त्या दिवसापासून जेवेनाशी झाली. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग दिवसाचं. कॉलेज बंद झालं. घरातला आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला. तिचा बाप रावजी दहा दिवस होडी घेऊन बाहेर पडला नाही, लेकीच्या उशाशी बसून राहिला. शेवटी कोकिळानंच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. विनिता मॅडमनी तिला औषध दिलं नाही की उपदेश केला नाही. "मी सुंदर आहे असं म्हणायची जबरदस्ती नाही," त्या म्हणाल्या, "तुला आज खरं वाटेल तेवढंच म्हण. पण रोज म्हण, आणि मोठ्यानं म्हण." पहिले दोन महिने क्रांतीच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तेव्हा तिची वाक्यं कोकिळा म्हणायची. त्या वाक्यांवर पाय रोवून पोरगी उठली, पदवीधर झाली, जेट्टीवर नोकरीला लागली. म्हणून कुणी विचारलं, तुना कुणी वाचवलं, तर क्रांती एका दमात सांगे, "आमच्या आयनं."

गणपतीनंतर प्रज्योतचं स्थळ आलं. उरणकडचं कोळी घर, मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर. बघून गेल्यावर आठ दिवस निरोप नव्हता, आणि कोकिळा त्या आठ दिवसांत लेकीच्या ताटातली भाकरी डोळ्यांनी मोजत होती. मग होकार आला. साखरपुड्यानंतर प्रज्योत महिन्यातून एक-दोनदा रविवारी येऊ लागला. एकदा फेरीबोटीच्या कठड्याशी उभा राहून त्यानं सांगितलं, "मला तू आहेस तशीच पाहिजेस." क्रांतीनं ते वाक्य कुठे लिहून ठेवलं नाही, तिला गरजच वाटली नाही. लग्न वैशाखात ठरलं. आणि त्याच सुमारास कोकिळानं तेल लावायला सुरुवात केली. "लग्नाच्या पोरीला लावतात," ती म्हणाली. आईनं लाड करायचे तर क्रांती कशाला नाही म्हणेल?

पौषात शेजारणी म्हणू लागल्या, "क्रांती उजळली गो!" क्रांतीला ते ऐकून आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटली. माघात चेहऱ्याची आग सुरू झाली. खिडकीतून ऊन आलं की गाल तापत, पाणी लागलं तरी झोंबे. माघ सरता सरता गालांवर लाल बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव आली होती, कपाळ पुरळानं भरलं होतं. कोकिळा म्हणाली, उष्णता असेल, आणि सब्जा भिजत घातला.

दवाखान्यात त्या गुरुवारी त्वचेच्या डॉक्टरबाई येणार होत्या. विनिता मॅडमनी क्रांतीला तिथे पाठवलं. डॉक्टरबाईंनी भिंग लावून गाल पाहिला आणि विचारलं, "क्रीम कुठलं लावतेस?"

"कुठलंच न्हाय."

"नीट आठव. गोरं होण्याचं काही?"

"न्हाय सांगितलं ना. फक्त आयच्या हातचं तेल. खोबरेल आणि साय."

डॉक्टरबाईंनी भिंग खाली ठेवलं. "मग ते तेल मला आणून दाखव. तुझ्या कातडीवर कित्येक महिने स्टेरॉइडचं क्रीम चोळलं गेलंय. नुसत्या तेलानं असं होत नाही."

क्रांतीला राग आला, तोही डॉक्टरबाईंचाच. आईचं नाव साफ करायला म्हणूनच ती तडक घरी आली. कोकिळा मासळी घेऊन बाजारात गेली होती. फळीवरच्या बाटलीत खोबरेल होतं, स्वच्छ. वाटी घासून पालथी घातलेली. क्रांतीनं सुटकेचा श्वास सोडला. तेल न्यायला रिकामी डबी हवी म्हणून तिनं सुक्या जवळ्याच्या पत्र्याच्या डब्यामागे हात घातला, तर हाताला एक पिशवी लागली. आत अकरा नळ्या होत्या. दहा पिळून चपट्या झालेल्या, अकरावी अर्धी. औषधाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.

ती जागीच बसली. कोकिळा रिकामी पाटी घेऊन दारात आली तेव्हा नळ्या ओळीनं जमिनीवर मांडलेल्या होत्या.

"आये, हे काय हाय?"

कोकिळानं पाटी खाली ठेवली. खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, पण लेकीच्या गालाकडे बघून ते तसंच मिटलं.

"उरणवाल्यांनी अट घातलेली," ती म्हणाली. "पोरगी चांगली हाय, नोकरीवाली हाय, पण लग्नापर्यंत जरा उजळायला पाहिजे. न्हाय तर दुसरीकडे बघतो."

"म्हणून तू मना न सांगता..."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? परत जेवण टाकलं असतंस. तुझी हाडं मोजलीत मी, क्रांती. अंघोळ घालताना एकेक हाड मोजलंय. परत त्या पोरीला बघायची ताकद माझ्यात न्हाय."

"मी रोज तुझ्यासमोर बसून म्हणत होते, माझा रंग ही माझी चूक नाही. तू व्हय म्हणत होतीस. आणि तुझे हात त्याच वेळी काय करत होते?"

"तोंडानं म्हणत होते ते खरंच होतं गो."

"आणि हातानं?"

कोकिळा पाटीशेजारी खाली बसली. ती म्हणाली, "माझ्या लग्नात सासूनं मना वरातीत मागे चालवली होती. वीस पावलं मागे. नवरी पुढे दिसायला नको म्हणून. मना वाटलं, माझ्या लेकीला कुणी मागे चालवू नये."

दुसऱ्या कुठल्या वेळी हे ऐकून क्रांतीनं आईला मिठी मारली असती. आज तिनं नळ्या पिशवीत भरल्या. "बाजारातून तूच आणल्यास ह्या?"

"न्हाय. दर महिन्याला प्रज्योत आणून द्यायचा."

प्रज्योत रविवारी आला. क्रांती दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्याला जेट्टीच्या टोकाला घेऊन गेली आणि तिनं पिशवी त्याच्या हातात ठेवली. तो आधी हसला, मग दचकला.

"अगं, आजकाल सगळेच लावतात. आई हटून बसली होती. तिला समजवायला हाच सोपा रस्ता होता. आपलं लग्न मोडू नये म्हणूनच केलं ना मी?"

"तू म्हणालेलास, आहेस तशीच पाहिजेस."

"मग? मला चालतोच तुझा रंग. प्रश्न लोकांचा आहे."

"चालतो," क्रांती म्हणाली. तो शब्द तिनं पुन्हा एकदा उच्चारून बघितला. "तुला माझा रंग चालतो."

"शब्दात पकडू नकोस."

"माझं तोंड बघ प्रज्योत. नीट बघ. तुझ्या आईच्या आड लपून हे तू केलंस. तिची अट माझ्या तोंडावर सांगायची हिंमत केली असतीस, तर मी रडले असते, पण तुझा मान ठेवला असता." तिनं अंगठी काढून पिशवीत टाकली. "हे लग्न होणार नाही. घरी तूच सांग. खरं कारण सांग."

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. डॉक्टरबाईंनी औषध दिलं होतं आणि आधीच बजावलं होतं, की बरं होण्याआधी चेहरा आणखी बिघडेल, काही महिने लागतील. तसंच झालं. साल निघू लागली. रावजीला सगळं कळल्यावर तो बायकोशी बोलेनासा झाला. वाडीत कुजबुज सुरू झाली, की पोरीतच खोट असणार. सकाळी क्रांती पाटावर बसे, तोंड उघडे आणि मिटे. ती वाक्यं आता तिला आईच्या आवाजात ऐकू येत आणि तोंडात कडू होत. डबा भरलेला परत येऊ लागला.

मग ती स्वतःच दवाखान्यात गेली. ह्या खेपेला तिला कुणी हाताला धरून नेलं नाही.

"मॅडम, तुमची वाक्यं खोटी निघाली," तिनं सांगितलं.

विनिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "वाक्यं खोटी नव्हती," त्या म्हणाल्या. "पण ती एकट्या तुझ्या तोंडी देऊन मी मोकळी झाले, ती माझी चूक. घर, शेजार, सोयरे रोज तुला कमी लेखणार आणि तू रोज डोळे मिटून स्वतःची समजूत काढणार, असं किती दिवस चालायचं? ही वाक्यं त्यांनाही ऐकू गेली पाहिजेत."

शिमग्याच्या चार दिवस आधी देवळाच्या मंडपात बायकांची बैठक होती. रावजीची बहीण तुळशी, वाडीत जिचा शब्द चाले, तिनं आदल्या संध्याकाळी निरोप धाडला, की क्रांतीनं तोंडाला ओढणी गुंडाळून यावं, नाहीतर घरीच थांबावं. क्रांती आली ती उघड्या तोंडानं. लाल, सोललेला, सुजलेला चेहरा घेऊन ती बायकांच्या मधोमध उभी राहिली, तेव्हा बोलणं आपोआप थांबलं.

"मना काय झालंय ते तुम्हाला ठाव हाय, पण अर्धवट," ती म्हणाली आणि सुरुवातीपासून सांगत गेली. पोह्यांची बशी, वाक्यं, तेल, नळ्या, अंगठी. आईचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. 'घरच्यांनी' एवढंच म्हणाली.

"घरच्यांनी न्हाय," मागून आवाज आला. कोकिळा उठून उभी राहिली होती. "मी लावलं. ह्या हातांनी. तिचा जीव वाचवते म्हणून लावलं आणि तिचाच विश्वास मारला."

मग तुळशीनं घसा खाकरला. "झालं ते झालं. पण उद्या पोरी बघायला लोक येणारच. रंगावरून बोलणारच. तेव्हा आयबापांनी करायचं काय?"

क्रांतीला वाटलं, ह्या प्रश्नाला आपल्याकडे मोठं उत्तर हवं होतं. तिच्याकडे लहानच होतं. "चहा पिऊ द्यायचा," ती म्हणाली, "आणि त्यांना उठवायचं. पोरीच्या देखत उठवायचं. आमच्या वेळी कुणी उठवलं असतं ना आत्या, तर ना मी जेवण सोडलं असतं, ना आयनं हे केलं असतं."

तुळशी खाली बघत राहिली. पाच वर्षांपूर्वीची ती पोह्यांची बशी पाहुण्यांपुढे तिनंच नेली होती.

बैठक मोडली. घरी येताना मायलेकींच्या मधे चार हातांचं अंतर होतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपाशी कोकिळा थांबली.

"मी आणखी दोघींना ते औषध सांगितलंय," ती म्हणाली. "खालच्या आळीतल्या. त्यांच्या पोरी लहान हायेत. एक सातवीत, एक दहावीत. तू उजळलीस तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांच्या घरी जायला पाहिजे."

क्रांती तिच्याकडे न बघता खाडीकडे बघत राहिली. चेहऱ्याची आग होत होती. आईला माफ केलं का, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचं नाटक करण्याची तिची तयारी नव्हती.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "पहिल्या फेरीच्या आधी जाऊ."

कोकिळानं तो शब्द ऐकला. जा नव्हे, जाऊ. पदर खोचून ती लेकीच्या मागून चालू लागली.