कापलेले अकरा सेकंद

स्वतंत्र सिनेमा म्हणजे नेमका कोणापासून स्वतंत्र, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या मुलाने तसला एक सिनेमा काढला तेव्हा दुकान आमचं होतं, वीज आमची होती, सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक माझ्याकडे होता आणि मुख्य नट माझा नवरा होता. मी मुलाला म्हटलंही, की आईबापाच्या जिवावर उभं असलेलं असलं स्वातंत्र्य मी पहिल्यांदाच बघते. तो हसला आणि कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसला.

आमची लाँड्री आहे. मागच्या खोलीत धुण्याची मशीन, पुढे रस्त्याकडच्या काचेपाशी इस्त्रीची दोन टेबलं. डावं माझं, उजवं ह्यांचं. चौतीस वर्षं आम्ही एकमेकांशेजारी उभे राहून लोकांचे कपडे सरळ केले. सिनेमाशी आमचा संबंध एवढाच, की मुलाला लहानपणापासून त्याचं वेड होतं. तो शिकायला दुसऱ्या शहरात गेला, तिथेच नोकरीला लागला आणि चार वर्षांनी कॅमेरा घेऊन अकरा दिवसांसाठी परत आला.

सिनेमाची गोष्ट अशी : एक गिऱ्हाईक शर्ट टाकून जातं आणि न्यायला येतच नाही. इस्त्रीवाला दर महिन्याला तो शर्ट काढून पुन्हा इस्त्री करतो आणि अडकवून ठेवतो. बस. मला वाटलं, पुढची गोष्ट नंतर येईल. ती आली नाही. तरी मला सिनेमा आवडला, कारण त्यात नऊ मिनिटं हे नुसते इस्त्री करतात. कोणी बोलत नाही, मागे गाणं नाही. शूटिंगनंतर आठ महिन्यांनी हे गेले. घरात ह्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोत हे हात बांधून उभे असतात. हात चालणारे हे फक्त त्या सिनेमातच आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर ती नऊ मिनिटं लावते आणि शेजारी माझी इस्त्री चालू ठेवते. तेवढ्यापुरतं उजवं टेबल रिकामं वाटत नाही.

सिनेमा इंटरनेटवर आला आणि पंधरा दिवसांत एका समीक्षकाने त्याची चिरफाड केली. हा माणूस घरात बसून सिनेमे बघतो आणि मग कॅमेऱ्यासमोर बसून ते का बघू नयेत हे सांगतो. पाच तारे असतात म्हणे, पण याच्या हातून दीडाच्या वर सुटत नाहीत. मी त्याचं नाव दीडतारे ठेवलं. दीडतारेंचं म्हणणं, एक शर्ट इस्त्री करायला नऊ मिनिटं लागत नाहीत, आणि या सिनेमात म्हातारा तीच उजवी बाही दोनदा इस्त्री करतो. मग चित्र एकदम उडी मारतं आणि टेबलावर डावी बाही येते. दिग्दर्शक झोपला होता काय, असं तो विचारत होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला मनातल्या मनात इतकं सुनावलं की हातातल्या उशीच्या अभ्र्याला दुहेरी घडी पडली. पण मुलाने मनाला लावून घेतलं. नोकरी सोडून सिनेमा काढलेला पोरगा, माझ्याकडे येऊन वरच्या खोलीत राहिला होता. जेवायला खाली यायचा, ताटाकडे बघत जेवायचा आणि वर जायचा. एकदा म्हणाला, की तो बरोबर बोलतोय आई, मला ती चूक दिसत होती, पण बाबांचा दुसरा शॉटच नव्हता माझ्याकडे.

मी काहीच बोलले नाही. ते का, ते पुढे सांगते.

तेवढ्यात हॉलिवूडच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना आमची गोष्ट हवी होती. तिचा रीमेक करायचा होता आणि मुलाला सहायक म्हणून सोबत घ्यायचं होतं. मुलाचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला, म्हणून मीही आनंदाने विचारलं, की ते गोष्टीचं काय करणार आहेत. त्याने वाचून दाखवलं. त्यांची लाँड्री तीन मजली. त्यांचा इस्त्रीवाला पूर्वी बॉक्सर होता. शर्टाच्या खिशात एक किल्ली सापडते, मग गुंड येतात, आणि इस्त्री टेबलावर राहून शर्ट जळतो, दुकान पेटतं. आमच्या ह्यांच्या हातून आयुष्यात एक रुमाल करपला नाही. आमच्या धंद्यात लोक जुना कोट उलटवून घेतात, आतली बाजू बाहेर केली की कोट नवा दिसतो. मला वाटलं रीमेक म्हणजे तसलं काही असेल. हे तर एक बटण काढून घ्यायचं आणि त्याला नवा कोट शिवायचा, असं होतं.

पण हसू फार टिकलं नाही. कागदात खाली एक अट होती. जुना सिनेमा सगळीकडून काढून टाकायचा आणि सगळ्या प्रती, न वापरलेल्या चित्रीकरणासकट, कंपनीच्या ताब्यात द्यायच्या. सही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवी होती.

"तुला चालेल ना आई?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुझं भलं होत असेल तर मला काय विचारतोस." आणि मागच्या खोलीत जाऊन मशीनमधल्या ओल्या चादरी उगाच पुन्हा पिळल्या.

खरं सांगायचं तर माझा जीव टांगणीला लागला होता. ह्यांचे हात जाणार होते. पण मुलाला एक वाट सापडत असताना आईने दुपारच्या नऊ मिनिटांसाठी आडवं यायचं? मी स्वतःला दटावलं आणि सगळा राग दीडतारेंवर काढायचं ठरवलं. त्याने दीड तारे दिले नसते तर माझ्या मुलाला आपली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात बांधावीशी वाटली नसती. बुधवारी दुपारभर एका बोटाने टाइप करून मी त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं, की मी चौतीस वर्षं इस्त्री करते. कापड जाड असलं की बाही आत ओलसर राहते आणि तिच्यावरून दुसऱ्यांदा इस्त्री फिरवावी लागते. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात नाक खुपसू नये.

हे साफ खोटं होतं. पण इस्त्रीतलं खोटं एका सिनेमावाल्याला काय कळणार, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी त्याचं उत्तर आलं. मी चष्मा लावून तीनदा वाचलं. "बाई, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण मी तो प्रसंग दहा वेळा पाहिला. पहिल्यांदा बाहीतून वाफ निघते. दुसऱ्यांदा निघत नाही, म्हणजे बाही कोरडी होती. त्या माणसाला ती झालेली आहे हे आठवत नव्हतं, असं मला वाटतं. आणि नंतर तिथे काहीतरी कापलंय. जे कापलं, तेच मला बघायचं होतं. म्हणून चिडलो."

मी इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसले. एवढा मोठा सिनेमा आमच्या घरात तयार झाला, इतक्या जणांनी बघितला, आणि वाफेकडे लक्ष गेलं ते या एका माणसाचं. ज्याला मी आठवडाभर शिव्या घालत होते, त्याने ह्यांच्याकडे माझ्या मुलापेक्षा जास्त निरखून पाहिलं होतं. कोणाला सांगायला नको, पण मला त्याला जेवायला बोलवावंसं वाटलं.

मुलगा चहा घ्यायला खाली आला तेव्हा मी दाराची पाटी उलटी करून दुकान बंद केलं. दिवसाढवळ्या मी पाटी उलटी करत नाही, त्यामुळे तो उभाच राहिला.

"तुझ्या बाबांना विसरायला होत होतं," मी म्हटलं. "शूटिंगच्या आधी वर्षभर."

मग सगळं सांगितलं. झालेली बाही ते परत करायला घ्यायचे, मग तिसऱ्यांदा. कॉलरपासून पुन्हा सुरू करायचे. हात सगळं जाणत होते, पण कुठवर आलो ते डोक्याला कळत नव्हतं. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. पाडली म्हणजे बोललो काहीच नाही, पडत गेली. मी माझ्या टेबलावर काम करताना एक डोळा त्यांच्या टेबलावर ठेवायचे. ते अडकले की मी काही न बोलता हात लांब करायचे आणि कपडा फिरवून द्यायचे. त्यांना पुढची बाजू मिळाली की ते पुढे चालू लागायचे. त्या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे कधी बघितलं नाही. एवढ्या कसबी माणसाला बायकोने कपडा फिरवून द्यायचा, त्यांना किती लाज वाटत असेल. निदान ती कोणी बघू नये, म्हणून मी खाली कपड्याकडेच बघायचे. गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?" मुलगा म्हणाला.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोरगा सिनेमा टाकून डॉक्टरांच्या मागे धावत सुटेल. आधी सिनेमा होऊ दे."

त्याने चहाचा कप टेबलावर ठेवला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण तो दिवस मलाही आठवत होता.

"त्या शॉटमध्ये तुझा हात आला होता," तो म्हणाला. "मी ओरडलो तुझ्यावर."

"हो."

"काय म्हणालो?"

आदल्या दिवशी खोटं बोलून त्याच सकाळी तोंडघशी पडले होते, म्हणून खरं ते सांगितलं. "म्हणालास, आई, वाट लावलीस. बाहेर जाऊन उभी राहा."

"आणि बाबा?"

"मला काय माहीत. मी बाहेर गेले होते."

तो रडला. पंचवीस वर्षांचा पोरगा, इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हटलं, की तुला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना माणूस ओरडला तर त्याचं पाप लागत नाही. लागलंच तर ते न सांगणाऱ्याला लागावं. सहीचं मात्र मी काही बोलले नाही. तो निर्णय त्याचा होता. मला फक्त एवढं हवं होतं, की काय देऊन टाकतोय ते बघून त्याने द्यावं.

तो वर गेला. दुपारी जेवायला आला नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि लोकांच्या चादरी उरकल्या. पाचच्या सुमाराला खाली आला तेव्हा डोळे सुजलेले होते. कंपनीला लिहिलं म्हणाला, की गोष्ट घ्या, हवं ते करा, बॉक्सर घ्या, आग लावा. पण माझा सिनेमा आहे तिथेच राहील. शुक्रवारी त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. अट बदलणार नाही, शुभेच्छा. मला वाटलं पोराचा चेहरा पडेल. त्याने फोन खिशात टाकला आणि विचारलं, भात उरलाय का.

पुढचे तीन दिवस तो वरच्या खोलीत काम करत होता. दीडतारेंना त्याने काही कळवलं की नाही ते मी विचारलं नाही, पण मी माझ्या एका बोटाने त्यांना लिहिलं, की बाही कोरडीच होती, तुमचं बरोबर होतं. त्यांनी नुसतं "आभारी आहे" असं लिहिलं. माणूस तसा कमी बोलणारा असावा, कॅमेरा बंद असला की.

मंगळवारी सकाळी मुलगा लॅपटॉप घेऊन खाली आला आणि माझ्या टेबलावर ठेवला. कापलेले अकरा सेकंद त्याने परत घातले होते. आधीचा शॉट फक्त टेबल आणि हातांपुरता ठेवला होता म्हणे. जे चित्रीकरण होतं त्यात ह्यांचा चेहराही होता, आता तो पूर्ण ठेवला. मी पदर सावरावा तसा उगाच ॲप्रन सावरला आणि बघायला बसले.

हे उजवी बाही करतात. मग परत करतात. तिसऱ्यांदा इस्त्री उचलतात आणि थांबतात. डावीकडून माझा हात येतो. त्या दिवशी मी भांडी घासून उठले होते, बोटं सुरकुतलेली, अंगठ्याला चिकटपट्टी. मी मुलाला म्हणणार होते, की अरे, जरा बरा हात तरी असता. पण तोवर माझं लक्ष वर गेलं होतं.

हे शर्टाकडे बघतच नव्हते. इस्त्री हातात धरून ते डावीकडे वळले होते, माझा हात यायच्या आधीच. आणि हात आला तसे हसले. लाजून नाही. बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला वळणावर ती दिसावी, तसे.

मी वर्षभर त्यांची लाज झाकत होते. त्यांना लाज वाटतच नव्हती, ते माझ्या हाताची वाट बघत होते. रोज, दिवसातून कित्येक वेळा ते माझ्याकडे बघून असे हसले असणार, आणि मी खाली मान घालून बाह्या बघत राहिले.

"परत लावू?" मुलाने विचारलं.

मी म्हटलं, "लाव."