पंधरा नंबरचा बिल्ला

लाँड्रीतल्या निवड समितीला मान्यता नव्हती, पगार नव्हता, आणि तिचं म्हणणं आजवर कुणी ऐकलेलंही नव्हतं. तरी प्रत्येक रग्बी कसोटीच्या आधी, खरा संघ जाहीर व्हायच्या दिवशी दुपारी ती अप्पांच्या लाँड्रीत भरायची म्हणजे भरायचीच. समितीत माणसं चार. बस चालवून चालवून पोट आणि आवाज दोन्ही वाढलेला ड्रायव्हर. शाळा सुटून वर्षं झाली तरी बोटांवरचा खडू झटकायची सवय न सुटलेले मास्तर. अप्पांचा मेहुणा, ज्याला अप्पांचा मुलगा मामा म्हणतो म्हणून सगळी गल्लीच मामा म्हणते. आणि लाँड्रीचे मालक, नोकर आणि झाडूवाले असे तिन्ही एकटेच असलेले अप्पा.

पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांना बांधायचे पितळी बिल्ले भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. त्यातले एकपासून क्रमाने काढायचे आणि इस्त्रीच्या दुसऱ्या, रिकाम्या टेबलावर मैदानातल्या जागांप्रमाणे मांडायचे. पुढचे आठ, म्हणजे स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावून रेटणारे, ड्रायव्हरच्या ताब्यात. मधले दोन, ज्यांना डोकं चालवावं लागतं, ते मास्तरांचे. मागचे पळणारे मामाचे. बिल्ला ठेवताना खेळाडू सांगायचा आणि कारण द्यायचं. कारण पटलं की बाकीच्यांनी 'मान्य' म्हणायचं, नाही पटलं तर बिल्ला परत खिळ्याला. 'मला वाटतं' हे कारण धरलं जात नसे. नियम मास्तरांचा होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

पंधरा नंबरचा बिल्ला मात्र कित्येक वर्षं खिळ्यावरून हलला नव्हता. पंधरा नंबर म्हणजे फुलबॅक, सगळ्या संघाच्या मागे एकटा उभा राहणारा गडी, आणि देशाच्या संघात त्या जागी अप्पांचा मुलगा खेळायचा. घरचं नाव छोट्या. ज्याला लाँड्रीच्या दारातून वाकून आत यावं लागतं त्याचं नाव छोट्या ठेवणारी माणसं काय म्हणायची! बापासमोर मुलाला निवडावं तर तोंडदेखलं वाटणार, वगळावं तर चहा घशाखाली उतरणार नाही. म्हणून न बोलताच ठरून गेलं होतं की अप्पांसमोर पंधरा नंबरचा विषय काढायचा नाही. चौदा मांडून झाले की मास्तर म्हणायचे, "झालं आपलं काम," आणि अप्पा चहा ठेवायला उठायचे.

त्या दुपारी अप्पा एका हॉटेलच्या चादरी इस्त्री करत होते. चादर पसरायची, वाफ सोडायची, घडी घालायची, पुढची घ्यायची. दीड वर्षापूर्वी बायको गेली तेव्हापासून त्यांचं सगळंच असं चाललं होतं. लोक भेटायला आले, त्यांना अप्पांनी चहा दिला. लोक गेले, अप्पांनी कप धुतले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. काही वाटायचंच बंद झालं होतं. मामाने एकदा चिडून सुनावलं होतं, "भाऊजी, माझी बहीण गेली, तुमची इस्त्री बिघडलेली नाही!" त्यावर अप्पा म्हणाले होते, "इस्त्री ठीक आहे."

आदल्या संध्याकाळी छोट्याचा फोन आला होता. गेल्या हंगामात त्याच्या डोक्याला दोनदा जबर मार बसला होता. दुसऱ्या वेळी तो मैदानातच आडवा झाला, हॉस्पिटलात राहिला, मग महिनोनमहिने अंधाऱ्या खोलीत पडून होता. संघाच्या डॉक्टरबाईंनी तेव्हाच बजावलं होतं की पुन्हा डोक्याला लागलं तर लपवायचं नाही, तिसरा मार साधा नसतो. आता कुठे तो परतत होता, आणि फोनवर म्हणत होता, "अप्पा, सरावात एकाचा गुडघा बसला कानशिलावर. विशेष नाही, जरा गरगरलं. डॉक्टरबाईंचं लक्ष नव्हतं. तुम्ही कुणाला बोलू नका. कळलं तर माझा खेळ संपला." अप्पा "बरं" म्हणाले. मग छोट्याने लाँड्रीची चौकशी केली, नव्या मशीनचं विचारलं, आणि म्हणाला, "अप्पा, एक सांगायचं राहिलं. सरावात एकाचा गुडघा बसला कानशिलावर." तेच सगळं, त्याच शब्दांत, जणू आधी बोललाच नव्हता. फोन ठेवण्यापूर्वी तिसऱ्यांदा. अप्पा तिन्ही वेळा "बरं" म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते स्वतःकडे जरा निरखून बघत राहिले. बापाचं धाबं दणाणायला हवं होतं. हात थरथरायला हवे होते. काहीच झालं नाही. त्यांनी दार लावलं, जेवले आणि झोपले. झोपही लागली.

"एक नंबर," ड्रायव्हरने बिल्ला टेबलावर आपटला. "आपला जुना प्रॉप, स्क्रमच्या पहिल्या रांगेतला. ती नवी पोरं नकोत मला. व्यायामशाळेत आरशासमोर कमावलेली अंगं ती, स्क्रममध्ये दाबली की पापडासारखी मोडतात."

"कारण?" मास्तर म्हणाले.

"हे काय मग? कारणच देतोय की."

"ही नव्या पोरांची निंदा झाली. जुन्याची बाजू सांगा."

ड्रायव्हरने छत बघितलं, भिंत बघितली. "त्याची मान," तो शेवटी म्हणाला. "गेल्या दोन्ही कसोट्यांत त्याच्या बाजूने स्क्रम एक पाऊल मागे सरकला नाही. बघितलंय मी."

"मान्य," मास्तर म्हणाले. मामा म्हणाला. अप्पांनीही चादरीची घडी घालता घालता म्हटलं.

असं एकेक करत समिती पुढे सरकली. नऊ नंबरवर मास्तरांनी छोटंसं भाषण दिलं, त्यात भूमिती होती. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, कोण पळणार यावरून मामा आणि ड्रायव्हर हमरीतुमरीवर आले, कारण मामाच्या लाडक्या विंगरच्या हातून चेंडू सुटतो आणि ड्रायव्हरला तेवढंच लक्षात राहतं. "साबण लावून येतो तो मैदानात!" ड्रायव्हर ओरडला. "तुझ्या बसला तरी ब्रेक कुठे लागतो वेळेवर?" मामा म्हणाला. अप्पांच्या कानावर सगळं पडत होतं. एरवी अशा वेळी ते हळूच एखादी काडी टाकायचे आणि मजा बघायचे. आज त्यांनी पुढची चादर घेतली.

चौदा बिल्ले झाले. मास्तरांनी बोटं झटकली. "झालं आपलं काम."

"थांबा," मामा म्हणाला. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि खिळ्यावरचा पंधरा नंबरचा बिल्ला काढला. इतकी वर्षं न हललेल्या बिल्ल्यावरची धूळ त्याने शर्टाला पुसली. "आज नियम जरा बाजूला ठेवू. पोरगं मरणाच्या दारातून परत येतंय. आज त्याची जागा त्याच्या बापाने मांडायची. काय मास्तर?"

मास्तरांनाही हे आवडलेलं दिसलं. ड्रायव्हरने तर टाळीच वाजवली. मामाने अप्पांच्या हातातली इस्त्री काढून उभी केली आणि तळहातावर बिल्ला ठेवला. मामाचे डोळे भरून आले होते. तो तसा पटकन हळवा होणारा माणूस, बहिणीच्या वाटणीचंही तोच हळवा व्हायचा.

अप्पा टेबलाकडे बघत उभे राहिले. चौदा बिल्ल्यांच्या मागे एक रिकामी जागा होती.

"दुसरा कुणीतरी घ्या," ते म्हणाले. "तो लांब लाथ मारणारा आहे ना, तो चांगला आहे."

ड्रायव्हर खो खो हसला. "अहो अप्पा, विनयाला पण काही मर्यादा!"

"विनय नाही. छोट्याला घेऊ नका."

हसू थांबलं. "भाऊजी, हे काय?" मामा म्हणाला. "बाप असून तुम्ही..."

"कारण द्या, अप्पा," मास्तर म्हणाले. ते सवयीने म्हणाले, दुसरं काही मनात नव्हतं. पण त्या टेबलाशी कारण मागितलं की द्यायचं असतं, आणि अप्पांचं सगळं आयुष्य सध्या सवयीवरच चाललेलं. त्यांनी कारण दिलं. गुडघा, कानशील, गरगरणं, आणि तेच ते तीनदा सांगणं. बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

पहिला ड्रायव्हर बोलला. "डोकं कुणाचं आपटत नाही? खेळच तसा आहे." पण बोलता बोलताच त्याचा आवाज उतरला आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"आणि तुम्ही 'बरं' म्हणालात?" मामाने विचारलं.

"हो."

"तीनदा?"

"तीनदा."

मामा दोन पावलं मागे गेला, मग पुढे आला. "मग आता मूग गिळून बसा. त्याला शब्द दिलाय ना? पोरगं किती महिने या एका दिवसाकडे डोळे लावून बसलंय. ही संधी गेली तर दुसरी नाही त्याला. आयुष्यभर तुमचं तोंड बघायचा नाही तो. एकुलता एक आहे, भाऊजी."

अप्पांना हे सगळं माहीत होतं. छोट्या एकदा तोंड फिरवून बसला की बसला, त्यात आईवर गेला होता. तो बोलायचा बंद झाला की घरात इस्त्री आणि मशीन यांचाच काय तो आवाज राहणार होता. आणि खेळला, आणि कुणाचा खांदा पुन्हा त्याच जागी बसला, तर काय राहणार हेही डॉक्टरबाईंनी हॉस्पिटलात नीट समजावून सांगितलं होतं.

मास्तरांनी अप्पांच्या हातातून बिल्ला घेतला आणि म्हणाले, "कारण मान्य." मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "पण इथे मान्य होऊन काय उपयोग, अप्पा?"

अप्पांनी खिशातून मोबाइल काढला. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे. डॉक्टरबाईंनी तेव्हा नंबर देऊन ठेवला होता.

"मी छोट्याचा बाप," ते म्हणाले आणि पुन्हा सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "काल संध्याकाळचं ना हे? मग कालच का नाही फोन केलात?"

"माहीत नाही," अप्पा म्हणाले, आणि ते खरं होतं.

फोन बंद झाला. मामा दारात पाठ करून उभा राहिला. ड्रायव्हरला बसची पाळी आठवली, पण तो गेला नाही. अप्पांनी इस्त्री घेतली आणि उरलेल्या चादरी पुऱ्या केल्या, दोऱ्याने गठ्ठा बांधला, दुसरा उघडला. पोराचं आयुष्य आपण आत्ता आपल्या हाताने मोडलं, असं त्यांनी मनात स्वतःला एकदा सांगूनही बघितलं. आत काही हललं नाही.

फोन वाजला. छोट्याच होता.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मी नको म्हटलं होतं, अप्पा."

"हो."

"मला खोलीत आणून बसवलंय. डोळ्यांत बॅटऱ्या मारतायत. माझ्या जागी दुसऱ्याचं नाव दिलं पण." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तुम्हाला काही वाटतं का हो? कधीच काही वाटत नाही तुम्हाला?"

मामा दारातून आत आला होता.

"जाऊ दे. तुमच्याशी बोलून काही उपयोग नाही," छोट्या म्हणाला. "आईला द्या फोन."

मामाने टेबलाची कड घट्ट धरली.

"अप्पा? आईला द्या ना. तिला सांगतो मी. ती दुकानात आहे की वर?"

मामा हातवारे करत होता, डोकं हलवत होता, काहीतरी सांगा, बाहेर गेलीय म्हणा. अप्पांना ते दिसत होतं. त्यांच्या हातातली चादर जमिनीवर पडली होती आणि ती कशी पडली हे क्षणभर त्यांना कळेना. मग कळलं, की ते घाबरलेत. लेकरासाठी, खरेखुरे. ते गठ्ठ्यावरच बसले.

"छोट्या," ते म्हणाले, "तुझ्याजवळ कोण आहे?"

"डॉक्टरबाई आहेत."

"त्यांचा हात धर."

"कशाला?"

"धर म्हणतो ना. धरलास?"

"धरला. काय झालंय, अप्पा?"

"आई गेली रे, बाळा."

लहानपणी विचारायचा तसा, अगदी हळू, छोट्याने विचारलं, "कधी?"

अप्पांनी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांना असं रडू कोसळलं की एक शब्द बाहेर पडेना. शेवटी फोन मामाने घेतला आणि भाच्याला सांगितलं.