मी पुन्हा पट्टी धरली

नियमवाल्यांनो, हॉटेलच्या काउंटरवरच्या बायकांनी उंच टाचेच्या बुटांतच उभं राहायचं, हा नियम तुम्ही काढलात. स्वतः सपाट बुटांत फिरत काढलात. मला वाकडं केलंत ते तुम्ही!

मित्रांनो, मी एक जुना अंगठा आहे, जपानमधल्या तोकुशिमाच्या मित्सुएच्या उजव्या पायाचा. हॉटेलच्या काउंटरमागे तिची उमेदीची वर्षं गेली आणि मी निमुळत्या बुटात चेपत गेलो. शेजारच्या बोटावर रेललो, बुडाशी हाड फुगलं. शस्त्रक्रियेत मला सरळ करायला गेले आणि जास्तच ओढलं. मी उलट्या दिशेला, बोटांपासून लांब वळलो.

ऑगस्टातल्या आवा नाचात, म्हणजे आमच्या गावच्या रस्त्यावरच्या उत्सवात, आमच्या बायका लाकडी गेता, म्हणजे अंगठ्यात पट्टी धरायच्या चपला, घालून, टाचा उचलून, नुसत्या पुढच्या कडेवर नाचतात. गेताची पट्टी धरायची मी आणि शेजारच्या बोटानं. आता आमच्यात एवढी फट, की सरावात गेता उडून थेट ढोलावर आदळली.

"अगं, तुझा अंगठा घर सोडून निघाला की काय?" पथकाच्या म्होरक्या तामायोताई म्हणाल्या.

"रुसलाय, ताई."

"मग यंदा तू बघ्यांना पंखे वाटत बस."

मित्सुए हसली. घरी मात्र मला मुठीत धरून रडली.

नव्या डॉक्टरांनी, कुसुनोकींनी, मला हलवून पाहिलं. "सांधा आखडला असता तर कायमचा जोडून टाकावा लागला असता."

"म्हणजे नाच बंद?"

"गेतावरचा, हो. पण हा पठ्ठ्या वाकतोय अजून!"

पठ्ठ्या! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शाबासकी दिली. त्यांनी माझी ताणलेली बाजू सैल केली, माझ्या पाठीवरचा स्नायुबंध वळवून मला शेजारच्या बोटाकडे ओढून बांधलं, आधाराला काही दिवस तार घातली. तार निघाल्यावर मित्सुए मला रोज टॉवेल पकडायला लावायची. ठणकायचो, पण पकडायचो.

पुढच्या ऑगस्टात तिनं विचारलं, "ताई, पहिल्या रांगेत?"

"ये. पण पडलीस तर तुझ्यावरून नाचत जाईन हां!"

ढोल घुमला. मी पट्टी आवळली. सगळी मित्सुए माझ्यावर तोललेली, आणि मी हललो नाही! पुलापाशी तामायोताईच धापा टाकत ओरडल्या, "अगं हळू, म्हातारीला मारतेस का?"

मी जिंकलो, मित्रांनो. तुम्ही मात्र पायांना जपा. दुखलं की गप्प बसू नका.

आणि नियमवाल्यांनो, नाच पुढे सरकताना मित्सुएच्या जुन्या हॉटेलच्या दारात काउंटरवरची एक नवी पोर टाळ्या वाजवत होती. उंच टाचेच्या बुटातून एक पाय हळूच बाहेर काढून. टाच मित्सुएनंही उचलली होती, पण आपल्या मर्जीनं. त्या पोरीला तुम्ही विचारलंत का? बोला. मी उत्तर मागतोय.